खोल समुद्राचा पास मिळेल, पण अलिबागची बोट तिथवर जाणार कशी?

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीबाहेर दोन बोटमालकांचा आवाज चढला होता. एक म्हणत होता, "आता केंद्राचा पास मिळतोय, खोल पाण्यात चला, इथे उरलंय काय?" दुसरा म्हणाला, "आणि डिझेल कोण भरणार, तुझा सासरा?" लोक हसले, दोघंही हसले आणि विषय तिथेच संपला. मी मास्तर माणूस, बोट माझी नाही. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील, मामू, चाचा तांडेल नाहीतर खलाशी आहेत. म्हणून हा प्रश्न जरा नीट समजून घ्यावा असं वाटलं.

आधी हा पास काय आहे ते पाहू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. त्यापुढचं २०० मैलांपर्यंतचं पाणी हे देशाचं विशेष आर्थिक क्षेत्र. तिथल्या मासेमारीसाठी केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिकी आणि मोठ्या मोटरबोटींना तिथे जायला पास लागेल. तो 'रिअलक्राफ्ट' पोर्टलवर मिळतो, त्याला फी नाही. पारंपरिक आणि छोट्या होड्यांना पासची गरज नाही. परदेशी बोटींना मज्जाव आहे. मच्छीमार सहकारी संस्था आणि उत्पादक संघटनांना प्राधान्य आहे. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ट्रॉल ओढणं यांवर बंदी आहे.

कागदावर हे चांगलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. १९९१ च्या धोरणात परदेशी भागीदारीच्या जहाजांना दार उघडलं होतं. देशभर मच्छीमार रस्त्यावर आले, मग मुरारी समिती बसली आणि तिने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करा असं सांगितलं. २०१४ मध्ये मीनाकुमारी समितीच्या अहवालावरून पुन्हा तसाच गदारोळ झाला. त्या मानाने यावेळी सहकारी संस्थेचं नाव पुढे आहे, हा फरक छोटा नाही.

अडचण दुसरीच आहे, आणि ती आपल्या समुद्राच्या तळाची आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथेसुद्धा पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे ४० वाव. आपल्या भागात समुद्राचा तळ फार हळूहळू उतरत जातो. केरळात तोच उतार किनाऱ्याच्या कितीतरी जवळ आहे. म्हणून तिकडच्या मच्छीमाराला जी खोली जवळ सापडते, तिच्यासाठी अलिबाग-रेवदंड्याच्या बोटीला दिवसच्या दिवस जावं लागेल. त्यासाठी बर्फ नव्हे, गोठवण्याची सोय पाहिजे. डोल आणि ट्रॉल सोडून कुप्यासाठी लांब दोरीचे गळ टाकता आले पाहिजेत. हे कसब कन्याकुमारीकडच्या तुथूरच्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आपल्याकडे ते शिकवावं लागेल. नुसत्या पासने हे होत नाही.

खोल पाण्यातला मासाही वेगळा असतो. वर फिरणारा कुपा लवकर वाढतो, तो पकडायला हरकत नाही. पण तळाजवळच्या थंड अंधारातले मासे फार सावकाश वाढतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात 'ऑरेंज रफी' नावाचा खोल पाण्यातला मासा १९७० च्या दशकाच्या शेवटी सापडला. जहाजं तुटून पडली, अमेरिकेपर्यंत माल गेला. नंतर कळलं की हा मासा शंभराहून जास्त वर्षं जगतो आणि अंडी घालण्याच्या वयात यायलाच त्याला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर साठे ढासळले होते, काही ठिकाणी मासेमारी बंदच करावी लागली. खोल समुद्र म्हणजे न संपणारी तिजोरी, असं कोणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.

आणि जवळच्या पाण्याचं आपण काय केलं? शिंगाळा आठवतो का? त्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं निघेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो. १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी असे थवेच्या थवे उचलले, तोंडातल्या अंड्यांसकट. त्यानंतर ती मासेमारी कोसळली. बाप आणि पोरं एकाच जाळ्यात गेल्यावर दुसरं काय होणार!

२०१९ मध्ये महाराष्ट्राची समुद्री मासळी २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्यात क्यार आणि महा या वादळांचाही हात होता, सगळा दोष जाळ्यांचा नव्हे. पण नियमांची कमतरता कधीच नव्हती. फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले आणि बोटींची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारी बंद केली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, असं खलाशी सांगतातच.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. शाळेच्या कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीवर हा आकडा मोजता येतो, म्हणून एकदा मी ती पट्टी खिशात घालून बाजारात गेलो. मावशी म्हणाल्या, "सर, मासळी घ्यायला आलात की कापड?" वाट्यातले बरेच पापलेट पट्टीत बसले नाहीत. खरं सांगायचं तर तसलेच वाटे मी वर्षानुवर्षं घरी आणले आहेत. स्वस्त पडतात, कढईत मावतात, पोरं अख्खा मासा मिळाला म्हणून खूश होतात. पर्ससीनवाल्याला नावं ठेवताना हे आठवलं की जीभ जरा आखडते. आपल्या डोल जाळ्याच्या बारीक आसातही पिल्लं येतात, त्याबद्दल मात्र गावात कोणी बोलत नाही.

माझ्या मते अलिबागसाठी खोल समुद्र हा उद्याचा विषय आहे, १२ मैल हा आजचा. ते १२ मैल सांभाळले नाहीत तर पास फक्त मोठ्या भांडवलवाल्याच्या कामाचा. आमच्या दुसऱ्या बोटमालकाला मी विचारलं, "मच्छीमार सोसायटीचे सभासद आहात का?" म्हणाला, "अब्बा होते. माझं नाव लावायचं राहिलं." नियमांत प्राधान्य संस्थेला आहे, ज्याचं नाव रजिस्टरमध्ये नाही त्याला नाही. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तोपर्यंत वारसाची कागदपत्रं जमवून अर्ज देता येईल. लिहून पाहिजे असेल तर शाळा सुटल्यावर या, मराठी अर्ज मी लिहून देतो.