राजद्वारीं बांधव

बांधव कोणास म्हणावें हें सांगतांना आपल्या जुन्या नीतिकारांनीं राजद्वार व स्मशान हीं दोन स्थळें शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. परंतु राजद्वारीं जो जाणार, त्याच्याच नांवावर खटला असेल तर? धुळ्याच्या एका वाचकांनीं हा प्रश्न आम्हांस घातला आहे. धाकटे बंधु पतसंस्थेच्या प्रकरणांत जळगांवच्या कारागृहांत न्यायाधीन बंदी आहेत. वाचक स्वतः जमिनीच्या तंट्यांतून उद्भवलेल्या निराळ्या फौजदारींत जामिनावर आहेत. दर सोमवारीं ठाण्यांत हजिरी, आणि न्यायालयाच्या परवानगीवांचून धुळें जिल्हा सोडूं नये अशी अट. वृद्ध मातुःश्री रोज विचारतात, “त्याला पाहून आलास का रे?” पारोळें, एरंडोल ओलांडलें कीं जळगांव, तेव्हां एखादे दिवशीं गुपचूप जाऊन यावें काय, असें ते पुसतात.

गुपचूप मुळींच जाऊं नये. पण जाण्याची आशाहि सोडूं नये, असें आमचें उत्तर आहे.

न्यायाधीन बंद्यास भेटीची सोय असावी हें १८९४ च्या कारागृह-कायद्याच्या ४० व्या कलमानेंच सांगितलें होतें. पुढें १९८१ सालीं फ्रान्सिस कोरॅली मुलिन यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें बंदिवानाची कुटुंबीयांशीं भेट ही घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत बसविली. म्हणजे भेट हा मुळांत आंतल्या माणसाचा हक्क होय. त्यास योग्य ते निर्बंध आहेत. पण भेटणाराच्या नांवावर खटला आहे एवढ्यावरून त्यानें स्वतःच माघार घेण्याचें कारण नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. देवडीवर नांव, पत्ता, नातें सांगावें लागतें, ओळखपत्र दाखवावें लागतें, आणि त्याची नोंद राहते. अट मोडून गेलेला मनुष्य आपल्याविरुद्धचा पुरावा तेथें आपल्याच हातानें ठेवून येतो. त्यावरून जामीन रद्द झाला, तर मातुःश्रींना एका मुलाऐवजीं दोन मुलांची वाट पाहावी लागेल. म्हणून वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज करावा. जाण्याचा व परतण्याचा दिवस त्यांत स्पष्ट लिहावा, हजिरीचा वार टाळावा, आणि हुकमाची प्रत जवळ ठेवूनच गाडींत बसावें.

ज्यांच्यावर पकड-वारंट असेल त्यांनीं आधीं न्यायालयाची वाट धरावी, मग कारागृहाची. दोघेहि एकाच गुन्ह्यांतले आरोपी असतील तर सहआरोपीस भेटूं नये अशी अट आहे काय, हें पाहावें. हद्दपार झालेल्यासहि तात्पुरतें परत येण्याची परवानगी मागण्याची सोय १९५१ च्या पोलीस कायद्यांत ठेविलेली आहे.

कित्येकांस अटीपेक्षां लाजच अधिक अडविते. १९३२ सालीं धुळ्याच्याच तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं आणि सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत येरवड्यास महात्माजींचें उपोषण सुरू झालें, तेव्हां कस्तुरबा स्वतः साबरमतीच्या तुरुंगांत होत्या. सरकारनें त्यांस येरवड्यास हलविलें तेव्हांच ती भेट घडली. आजच्या प्रत्येक आरोपीस सत्याग्रहीचा मान द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. दोषादोष न्यायालय ठरवील. परंतु भेटीस जाणें म्हणजे गुन्ह्यास रुकार देणें नव्हे, एवढें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं शेजाऱ्यांस निःशंकपणें सांगावें.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत मातुःश्रींना एखाद्या पुतण्याबरोबर पाठवावें. ‘ई-मुलाकात’ची सोय मिळत असेल तर तिचाहि रीतसर उपयोग करावा. आणि पत्र तर आजच लिहावें. तें अधिकारी वाचतील असें धरून खटल्याचा एक शब्दहि त्यांत घालूं नये. मुलांचे अभ्यास, आईचें गुडघ्याचें दुखणें, यंदाचें केळीचें पीक, हेंच लिहावें. आंत बसलेल्यास तेंच हवें असतें.