त्या रात्री मी एकाच मुलाबद्दल विचारले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या मोहल्ल्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. "सर, पोराला पोलीस घेऊन गेले." पोरगा १९ वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा. मोटारसायकल चोरीची चौकशी आहे, एवढेच तिला सांगितले होते. मी शर्ट अंगात घातला आणि निघालो.

आमचे बोरगाव मेघे वर्धा शहराला चिकटलेले आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, पण वस्ती शहरासारखी वाढलेली. गावाची ओळख राहिलेली नाही आणि शहराच्या सोयी आलेल्या नाहीत. मी गेलो त्या ठाण्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले तर चर्चा त्या एका ठाण्यावर सुरू होईल आणि तिथेच संपेल.

ठाण्यात समोर एकच हवालदार होता. एका हातात फोन, बाजूला वायरलेस, समोर नवऱ्याने मारले म्हणून आलेली एक बाई, आणि तेवढ्यात रस्त्यावरच्या अपघाताची खबर. त्याने मला ओळखले. सातवीत माझ्या वर्गात होता. "सर, बसा. काही नाही, विचारपूस करून सोडतो." मी विचारले, "स्टेशन डायरीत नोंद केली का?" तो ओशाळून हसला. म्हणाला, "नोंद केली तर सोडता येत नाही, सर. नोंद नाही म्हणूनच सोडता येते."

रात्री एक वाजता मुलगा माझ्या ताब्यात मिळाला. त्याला चप्पल घालता येत नव्हती. तळपाय सुजले होते.

त्याच खोलीत भिंतीला टेकून आणखी एक मुलगा बसला होता. साधारण त्याच वयाचा, पारधी बेड्यावरचा. त्याने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या मोहल्ल्यातला मुलगा घेतला आणि बाहेर पडलो. तो दुसरा मुलगा पुढच्या दिवशी संध्याकाळी सुटला, हे मला आठवड्याने कळले. त्याच्यासाठी विचारायला कोणी मास्तर गेला नव्हता. दोघांचीही कुठे नोंद नाही. मोटारसायकलही सापडलेली नाही.

काही दिवसांनी तो हवालदार चहाच्या टपरीवर भेटला. मी रागातच होतो, तरी त्याचे ऐकून घेतले. गणपतीचा बंदोबस्त, दुर्गेचा बंदोबस्त, ईदचा बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, निवडणुका. वर्धा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा, म्हणून दारूच्या धाडी वेगळ्याच. समन्स आणि वॉरंट बजावायला गावोगाव फिरायचे, आरोपीला कोर्टात न्यायचे, मर्गचे पंचनामे करायचे. "बीटात दहा-बारा गावे आणि बीटाला मी एकटा. तपास कधी करू, सर?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ साली देशभरातल्या पोलिसांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात आणि जवळपास निम्म्यांना आठवड्याची सुट्टी मिळत नाही, असे दिसून आले. मात्र त्याच अहवालात दर चारपैकी तीन पोलिसांनी गुन्हेगारांशी हिंसेने वागणे योग्य असल्याचे म्हटले होते. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली वाचून पोलिसांची कीव येते, दुसरी वाचून भीती वाटते.

मनुष्यबळ कमी आहे म्हणून मारहाण होते, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. तपासाला वेळ नाही, साधने नाहीत, प्रशिक्षण नाही. वरून "प्रकरण लवकर उघडकीस आणा" असा दट्ट्या. मग सर्वात स्वस्त साधन म्हणजे पट्टा. पण मग त्या रात्री नोंद करायला माणूस नव्हता आणि मारायला मात्र होता, हे कसे? डायरीत दोन ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. ती लिहिली गेली नाहीत, कारण लिहिले की उत्तर द्यावे लागते. माणसे अपुरी आहेत ही सरकारची चूक. न लिहिणे ही ठाण्याची निवड आहे.

कायदा काय सांगतो? अटक केली तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ नियम घालून दिले : अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने बजावले आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही ती तरतूद आहे. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही सक्तीचे केले. "चौकशीला नेले" या एका शब्दाने हे सगळे बाजूला पडते. अटकच नाही, तर अटकेचे नियम कुठले?

ठाण्यात बोलावलेल्या माणसाचे काय होऊ शकते, हे विदर्भाला नवे नाही. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण घडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरवले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हा लोक उठले म्हणून कायदा हलला.

आता परभणीकडे पाहा. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, तो पळून गेला. सोबतच्या आरोपींनी सांगितले, त्याला कोठडीत मारले. मृतदेह आजवर मिळालेला नाही. ज्या चार पोलिसांवर खटला उभा राहिला, ते निलंबित होते. २०२० मध्ये त्यांना सेवेत परत घेतले गेले. त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाला आदेश द्यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही तो आदेश कायम राहिला.

एकच शहर, बावीस वर्षांचे अंतर. ख्वाजा युनूसच्या आईबरोबर किती बिगरमुस्लिम उभे राहिले? आणि सोमनाथच्या आईबरोबर आपल्यातले किती? काही राहिले, त्यांचे ऋण आहेच. पण बाकीचे आपण आपापले दुःख आपापल्या मोहल्ल्यात घेऊन बसलो. मी त्या रात्री ठाण्यात नेमके तेच केले.

आपल्याकडे जुल्म हा शब्द फार वापरला जातो, बहुतेक वेळा तो आपल्यावर झालेला असतो. हदीसमध्ये हिशाम बिन हकीम यांची एक हकीगत येते. शाम देशात करवसुलीसाठी काही शेतकऱ्यांना उन्हात उभे केले होते. ते शेतकरी मुसलमान नव्हते. हिशाम यांनी पाहिले आणि सांगितले की जे या जगात लोकांना यातना देतात त्यांना अल्लाह यातना देईल, असे मी रसूलल्लाहकडून ऐकले आहे. ते थेट अधिकाऱ्याकडे गेले, आणि अधिकाऱ्याने त्या लोकांना सोडून दिले. ही हकीगत मी कितीतरी वेळा वाचली आहे. तरीही मी त्या मुलाला भिंतीशी बसलेला सोडून आलो.

मग करायचे काय? सरकारकडे मागणी दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे. रिकामी पदे भरा, ग्रामीण ठाण्यांतही आठ तासांची पाळी आणा. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात हा प्रयोग सुरू झाला, आणि तो एका साध्या शिपायाने, रवींद्र पाटील यांनी सुचवला होता. मुंबईत जमते तर वर्ध्यात का नको? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी करायला सांगितले होते, तेही खालपर्यंत उतरू द्या. आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करा. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही.

पण कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक गावात पाच माणसे अशी हवीत, जी कुणाला उचलल्याचे कळले की ठाण्यात जातील आणि तीन प्रश्न विचारतील : नोंद कुठे आहे? कोणत्या गुन्ह्यात? वैद्यकीय तपासणी केली का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा क्रमांक मशिदीच्या, बुद्धविहाराच्या, मंदिराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. त्या पाच जणांत एक मोहल्ल्यातला, एक बौद्धवाड्यातला, एक बेड्यावरचा असावा. आणि विचारताना एका नावाने विचारू नये. "आत किती जण आहेत?" असे विचारावे.

हवालदाराशी भांडायची गरज नाही. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही नोंद करायची असेल, पण त्यासाठी कोणीतरी नोंद मागणारा समोर असावा लागतो. मी मागितली, पण अर्धीच.

बेड्यावरच्या त्या मुलाचे घर मी नंतर शोधले. आई भेटली, मुलगा भेटला नाही. कामाला परगावी गेला म्हणाली. मी माफी मागितली, तर तिला कळेना की कशाबद्दल. पोलीस नेतात आणि दोन दिवसांनी सोडतात, यात माफी मागण्यासारखे काही असते, हेच तिला ठाऊक नव्हते.