पन्नासाच्या वरचे आणि पन्नासाच्या खालचे

दर महिन्याच्या आरंभी खासगी उद्योगांच्या हालचालींचा एक आकडा प्रसिद्ध होतो आणि तो पन्नासाच्या वर असला की वृत्तपत्रांची अर्थविषयक पाने हर्षभरित होतात. हा आकडा म्हणजे खरेदी व्यवस्थापक निर्देशांक. भारतीय कारखानदारीसाठी तो सुमारे 400 कंपन्यांना प्रश्न विचारून काढतात. नव्या मागण्या, उत्पादन, रोजगार आदी बाबी मागील महिन्यापेक्षा वाढल्या, घटल्या की तेवढ्याच राहिल्या, एवढेच त्यांनी सांगायचे.

शंभरांपैकी 40 जणांनी 'वाढले', 40 जणांनी 'तेवढेच' आणि 20 जणांनी 'घटले' असे सांगितले, तर 40 मध्ये 'तेवढेच'चे निम्मे मिळवून आकडा येतो 60. किती वाढले, हा प्रश्नच नाही. एप्रिल 2020 च्या टाळेबंदीत हा निर्देशांक 27.4 वर कोसळला. पुढल्या महिन्यात सारे कारखाने त्याच खड्ड्यात पडून राहिले असते, तरी निर्देशांक 50 झाला असता!

हा आकडा निरुपयोगी नव्हे. सरकारी आकडेवारीच्या आधी तो वाऱ्याची दिशा दाखवितो. परंतु ही दिशा कोणाच्या शिडातील वाऱ्याची? 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर 50 टक्के आयातशुल्क लादले; त्याच महिन्याचा कारखानदारीचा निर्देशांक होता 59.3. देशांतर्गत मागणी भक्कम असली की परदेशी मागणीवर जगणाऱ्या लहान कारखान्याची अडचण सरासरीत विरघळून जाते.

मुळशी तालुक्यात हे विशेष जाणवावे. लवळ्याच्या परिसरात व्यवस्थापनशास्त्र शिकविणारी विद्यापीठे आहेत. जवळच पिरंगुट-उरवड्याचा कारखानदारी पट्टा आहे. 7 जून 2021 रोजी उरवड्यातील एका रासायनिक कारखान्याला आग लागून 17 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या महिन्याचा निर्देशांक 48.1 होता. तो मागण्या घटल्याचे सांगतो. बाहेर पडण्याची वाट कामगारांना मिळाली की नाही, हे सांगण्यासाठी त्यात रकानाच नाही. रोजगाराचा रकाना आहे, पण नोकरी कायम की कंत्राटी, मजुरी किती, हे तो विचारीत नाही.

याचे उत्तर आकड्यांवर रुसण्यात नाही, आपले आकडे उभे करण्यात आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत पुण्यातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी करून ही वाट दाखविली आहे. कार्यकर्त्यांनी दरमहा ठरावीक कामगार कुटुंबांना पाचच प्रश्न विचारावेत: कामाचे दिवस, हाती पडलेली मजुरी, जादा तास, अपघात आणि कामावरून कमी केलेली माणसे. ही नोंद वर्षभर नेटाने ठेवली, तर कामगार खात्यापुढे आणि ग्रामसभेपुढे जाताना आपल्या हाती केवळ घोषणा नसतील, पुरावाही असेल.