बरवा अल बराहाला रंगमंच हवा

कतारमधल्या दोहाच्या दक्षिणेला, इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला बरवा अल बराहा ही कामगारांची मोठी वसाहत आहे. एकसारख्या इमारतींच्या रांगा, पहाटे कामावर नेणाऱ्या बसगाड्या आणि एकेका खोलीत कितीतरी पुरुष. याच दोहात ‘कतारा’ या सांस्कृतिक संकुलाचे सुमारे ५,००० प्रेक्षकांचे ग्रीक धाटणीचे खुले प्रेक्षागृह आहे, राष्ट्रीय नाट्यगृह आहे. मराठी मंडळीही सणासमारंभाला हौसेने नाटके बसवतात. पण ती शहरातल्या सभागृहांत, कुटुंबे घेऊन राहणाऱ्यांसाठी. बारा तास राबून परतलेला सांगलीचा वेल्डर किंवा रत्नागिरीचा सुतार तिथवर पोहोचत नाही. मग नाटकानेच त्याच्याकडे जायला हवे.

मराठी नाटक मोठे झाले तेच माणसांमागे जाऊन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते राजाश्रयाने. १८५१ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन गेले, आश्रय तुटला आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाला. गिरणगावाला हक्काची जागा मिळायला मात्र १९२२ साल उजाडले. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर हॉल उभारला आणि चाळीतून चालत जाता येईल इतक्या जवळ रंगमंच आला. कोकणातले चाकरमानी तिथे नुसते प्रेक्षक नव्हते. पाळी सुटल्यावर तालीम करणारा, नमनात नाचणारा, शक्ती-तुऱ्याच्या सवालाला जवाब देणारा गिरणी कामगारच होता. पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस हॉलचा पडदा पडला तेव्हा रंगकर्मी इतके अस्वस्थ झाले, ते यामुळेच.

कतारमध्येही केवळ करमणूक पोहोचवून भागणार नाही. जवळच्या एशियन टाऊनमध्ये सिनेमागृहे आहेत, मोठे खुले प्रेक्षागृहही आहे, पण तिथे कामगार समोर बसून पाहतो. मला तो वर उभा राहिलेला हवा आहे. वसाहतीत बायका नाहीत, ही अडचण मराठी माणसाने तरी सांगू नये. बालगंधर्वांची रंगभूमी आपलीच, आणि दशावतारातली द्रौपदी आजही पुरुषच उभी करतो. पौराणिक आख्यान तिथल्या नियमांत बसत नसेल तर सामाजिक एकांकिका करावी, घरच्या पत्रांची, कर्जाची, एजंटाची. विषय त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत.

पैशाचा प्रश्नही आपल्याकडे पूर्वीच सुटलेला आहे. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या निधीत कामगाराबरोबर मालकाचाही वाटा असतो, आणि त्या मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून यंत्रावर काम करणारी माणसे नट, लेखक झाली. दोहातल्या मराठी उद्योजकांनी असा वाटा स्वेच्छेने उचलावा. उन्हाळ्यात १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी उघड्यावर काम करण्यास बंदी असते, इतके तिथले ऊन कडक. नोव्हेंबरपासून मात्र संध्याकाळ मोकळ्या मैदानात बसण्याजोगी होते आणि शुक्रवारी बहुतेकांना सुटी असते. वसाहतीच्या व्यवस्थापनाकडे परवानगीचा अर्ज आताच गेला, तर तालमींना पुरेसे शुक्रवार मिळतील.