लाखेचं लाल पाणी कोशाला द्या

किडे मारून काढलेला रंग अंगावर नको, असा आक्षेप लाखेच्या रंगावर घेतला जातो. भंडारा जिल्ह्यात तरी हा आक्षेप घेण्याआधी कोशाकडे पाहावं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर मंडळी कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकवतात. कोसा उकळताना आतला किडा मरतो आणि त्याच धाग्यावर मोहाडी, आंधळगाव, पवनीचे कोष्टी करवतकाठी साडी विणतात. कोसा शुद्ध आणि लाख अशुद्ध, ही वाटणी मला मान्य नाही.

लाखेचा किडा पळस, बोर, कुसुमाच्या कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितो आणि अंगाभोवती राळेचं कवच उभारतो. लाल रंग असतो तो मादीच्या देहात. पिल्लं बाहेर पडण्याआधी फांदी छाटली तर ती आरी लाख. पिल्लं निघून गेल्यावर उरते ती फुंकी. रंग आरीत जास्त. किडे मरतात, हे मी नाकारत नाही. पण ती लाख मुळात राळेसाठी काढलेली असते. रंगासाठी वेगळा एकही किडा मारावा लागत नाही. काडीवरून खरवडलेली लाख कुटून धुतली की दाणा खाली बसतो आणि वरचं पाणी गडद लाल होतं. पुढे दाण्याचा चपडा (शेलॅक) होतो, आणि ते पाणी जातं गटारात! माझा राग आहे तो या नासाडीवर.

‘हा रंग बाजारात हरला, आता त्याला कशाला उकरता?’ असंही विचारतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लाखेचा रंग ईस्ट इंडिया कंपनीमार्फत इंग्लंडला जात होता आणि तिथे तो अमेरिकेतल्या निवडुंगावरच्या कोचिनीलशी टक्कर देत होता. 1856 साली इंग्रज रसायनज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम रंग केला, पुढच्या काही दशकांत कारखानी लाल रंग स्वस्त झाले, आणि लाखेची फक्त राळ उरली. तिच्यापासून जगभर ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या. लाखेचा रंग हरला तो किमतीत आणि एकसारख्या छटेत. हातमागाच्या साडीला त्या दोन्ही कसोट्या लावायचं कारण काय?

सुतावर हा रंग नीट चढत नाही, हे खरं. त्यामुळे करवतीचा सुती काठ त्यात रंगवू नये. पण कोसा, रेशीम, लोकर यांना तो घट्ट धरतो. तुरटी घातली की किरमिजी छटा येते आणि चांगली टिकते. लोखंडी भांडं मात्र टाळावं, लोहाने रंग जांभळट काळा पडतो.

1999 पर्यंत भंडाऱ्यातच असलेल्या गोंदियाला लाखेचा धंदा नवा नाही. पळस तर दोन्ही जिल्ह्यांत बांधाबांधावर आहे. त्यावर लाख लावली तर शेतकरी झाड सरपणाला तोडणार नाही, कारण बियाण्याच्या फांद्या राखल्याशिवाय पुढचं पीकच येत नाही. विणकरांच्या सोसायट्यांनी या हंगामात लाख धुणाऱ्यांकडून ते पाणी मागून घ्यावं, कोशाच्या थोड्या लडी त्यात रंगवाव्यात आणि साडीच्या चिठ्ठीवर ‘लाखेचा रंग’ असं उघड छापावं.