पंक्चर चाकाचे, जोखीम साऱ्यांची



हंगाम आला की आपण तोडणीचा कार्यक्रम, उतारा, पहिली उचल यांवर पुष्कळ बोलतो. बोलायलाच पाहिजे. परंतु बांधापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेवर काय घडते, याची चर्चा फारशी होत नाही. ऊस ट्रॉलीत भरला, स्लिप हातात पडली, की सभासद मोकळा. पुढे वाटेत चाक बसले तर 'ज्याचं चाक त्याचं नशीब' असे म्हणून विषय मिटवला जातो. आम्हास हे मान्य नाही. पंक्चर होणे दर वेळी टळत नाही, पण पंक्चरपायी माणूस जाणे टळते. आणि ते टाळण्याचे काम एकट्या ड्रायव्हरचे नाही, ते सभासदाचे आणि कारखान्याचेही आहे.

जुन्या बैलगाडीला पंक्चर ठाऊक नव्हते. लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव. ती सैल झाली तर लोहाराकडे जायचे, एवढेच. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढे हे रबरी चाक आपल्या बैलगाडीलाही आले. बैलांचा त्रास कमी झाला, ओझे जास्त नेता येऊ लागले. पुढे ट्रॅक्टर आले, त्यामागे एक सोडून दोन-दोन ट्रॉल्या आल्या. ओझे वाढले, वेग वाढला, रात्रीची वाहतूक वाढली. मात्र चाक बसल्यावर काय करायचे याची रीत आपण काही बसवली नाही.

'अचानक पंक्चर झालं' असे म्हणतात. बाभळीचा काटा किंवा बैलाच्या पत्रीचा निसटलेला खिळा घुसला तर ते अचानकच. पण पुष्कळदा ते अचानक नसते. गोटा झालेला टायर, चिरलेली बाजू, ठिगळावर ठिगळ लावलेली ट्यूब आणि कमी हवा घेऊन गाडी हंगामाला लागते. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दुमडते, घर्षणाने आतून तापते आणि वरचे ओझे जास्त असले तर फुटते. तेव्हा हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघतानाच बघावी. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते आणि माणूस फसतो.

ओझ्याचा दोष आम्ही केवळ वाहनवाल्यावर टाकणार नाही. फडात उभे राहून 'अजून चार मोळ्या टाक की, परत खेप कशाला' असे सांगणारा पुष्कळदा सभासदच असतो. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठेवला आहे. पण दंड बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. त्या चार मोळ्यांनी खेप वाचत नाही, टायर मात्र जातो.

आता खरा धोका कुठे आहे ते पाहा. चाक बसल्याने सहसा कोणी मरत नाही. माणूस मरतो तो बसलेल्या चाकाची ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी राहिल्यामुळे. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तर चालत नाही, चालला तर लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना त्या पोराला उसाचा काळा ढीग दिसेपर्यंत ब्रेकला जागा उरत नाही. आणि तो पोरगा कोण? बहुधा आपल्याच गावचा, रात्रपाळी करून किंवा लग्नाहून परतणारा.

म्हणून चाक बसल्याचे कळताच काय करावे, हे सांगणे आम्ही आमचे काम समजतो. ब्रेक जोरात दाबू नये, वेग हळूहळू कमी करावा आणि स्टेअरिंग घट्ट धरावे. दहा-वीस पावले बसक्या चाकावर जाऊन ट्यूब गेली तरी चालेल, पण ट्रॉली डांबरीवरून खाली, सपाट जागी न्यावी. वळणावर, पुलावर, चढावर थांबू नये. ट्रॅक्टरचे दिवे चालू ठेवावेत. पन्नास-साठ पावले मागे चमकणारा लाल त्रिकोण ठेवावा. नसेल तर एका माणसाने बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला, डांबरीच्या बाहेर उभे राहावे. नुसती उसाची डहाळी खोचून भागत नाही, ती रात्री दिसत नाही.

मग बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. जॅक मऊ मातीवर घेऊ नये, खाली जाड फळी ठेवावी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि बसवताना समोरासमोरचे आवळावेत. जॅकवर उचललेल्या भरल्या ट्रॉलीखाली हात-डोके घालू नये. तोडणी मजुरांची मुले-माणसे वर बसली असतील तर आधी त्यांना उतरवून रस्त्यापासून लांब बसवावे. टायरगाडी असेल तर पहिल्यांदा जूखाली टेकू देऊन बैल सोडावेत. पान्याचा आवाज झाला, बैल बिचकले, की गाडी अंगावर येते.

आणि जाताना दगड उचलावेत! हे आम्ही मुद्दाम ठळक सांगतो. चाक बदलले की ट्रॅक्टर चालू करून मंडळी निघून जातात आणि डोक्याएवढे दगड डांबरीवर तसेच राहतात. पंक्चर ट्रॉली निदान मोठी तरी असते, हा दगड दुचाकीवाल्याला दिसतच नाही. सांडलेल्या उसाच्या मोळीचेही तेच.

कोणी म्हणेल, यात सभासदाचा पैशाने काय संबंध? संबंध आहे. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन घटते आणि साखरेचे रूपांतर बिगरसाखरेत होऊ लागते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा एका ट्रॉलीचा धरत नाहीत, साऱ्या कारखान्याचा धरतात. एका ट्रॉलीने तो हलत नाही हे खरे. पण हंगामभर रोज गाड्या वाटेत अडकून शिळा ऊस गव्हाणीत पडू लागला, तर त्याची तूट साऱ्या सभासदांच्या बिलात वाटली जाते. पंक्चर एकाचे, तूट सगळ्यांची.

तेव्हा सभासदाने एवढे करावे. फडात गाडी आली की एन्ट्रीचे किती, खुशालीचे किती, यावर घासाघीस होते. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत : 'स्टेपनी आहे का? मागचा दिवा लागतो का?' नसेल तर भरणी थांबवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ऊस आपला आहे.

कारखान्याकडे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, करार करताना टायर, स्टेपनी, जॅक, त्रिकोण आणि दिवे तपासूनच वाहनाला नंबर द्यावा. दुसरी, रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम एकदाच करून फोटो काढण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांत ती पट्टी चिखलाने भरते. काट्यावर रिकामी ट्रॉली तोलताना ती फडक्याने पुसली जावी. तिसरी, प्रत्येक मोठ्या रस्त्यावर रात्री पंक्चरचे सामान घेऊन फिरणारी एक गाडी ठेवावी आणि तिचा फोन नंबर स्लिपवर छापावा. चौथी, वाटेत चाक बसून उशीर झालेल्या गाडीचा यार्डातला नंबर जाऊ नये. नंबर जाईल या धास्तीनेच ड्रायव्हर बसक्या चाकावर रात्री गाडी रेटतो.

'खर्च कोण सोसणार?' असा प्रश्न येईल. वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच जातो, म्हणजे तो आपण आजही सोसतोच आहोत. एक फिरती गाडी आणि एक मेकॅनिक यांचा हंगामाचा खर्च वार्षिक सभेपुढे आकड्यांसह ठेवावा. सभासद तो नाकारतील असे आम्हास वाटत नाही. अपघात झाल्यावर शोकसभा घ्यायची आणि मग ठराव करायचा, ही वरातीमागून घोडी आता पुरे झाली.

शेवटी एक विनंती. रात्री वाटेत उभी ट्रॉली दिसली तर बाजूने निघून जाऊ नका. गाडी कडेला घ्या, मागे दिवा धरा, चाक लागेपर्यंत दहा मिनिटे थांबा. अपघात झाला असेल तर जखमीला दवाखान्यात न्यायला भिऊ नका. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. जी गाडी उभी आहे तिच्यात कुणाचा ऊस आहे हे अंधारात दिसत नाही. तो आपल्या कारखान्याचा आहे, एवढे समजले तरी पुष्कळ झाले.