एका खोलीचा पब आणि परवान्याचे गणित

इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या हर्न या खेड्यात, एकेकाळी खाटकाचे दुकान असलेल्या जागेत, मार्टिन हिलियर यांनी २००५ साली 'बुचर्स आर्म्स' हा पब सुरू केला. जागा एका खोलीएवढी. दूरचित्रवाणी नाही, संगीत नाही, जेवणही नाही. पिंपातून थेट ग्लासात उतरणारी, लहान उत्पादकांनी गाळलेली बिअर आणि समोरासमोर बसल्यामुळे आपसूक रंगणाऱ्या गप्पा, एवढेच भांडवल. पुढे 'मायक्रोपब' नावाने देशभर पसरलेल्या प्रकाराची ही सुरुवात ठरली.

हे घडले ते हौसेपेक्षा कायद्यामुळे. नोव्हेंबर २००५ मध्ये अमलात आलेल्या परवाना कायद्याने परवाने देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून स्थानिक परिषदांकडे सोपवला. 'येथे आणखी पबची गरज नाही' ही जुन्या पबमालकांची हुकमी हरकत निकालात निघाली. गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांचे संरक्षण हेच निकष उरले. २००२ मध्ये छोट्या बिअर उत्पादकांना करसवलत मिळाली होतीच. बनवणाराही लहान आणि विकणाराही लहान, अशी जोडी जमली.

पुण्यात क्राफ्ट बिअर आणली ती २००९ मध्ये 'डूलाली'ने. (देवळालीच्या छावणीत मायदेशाच्या जहाजाची वाट पाहून भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या शिपायांमुळे हा शब्द इंग्रजीत रुजला, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.) मात्र महाराष्ट्रात ही बिअर वाढली ती प्रशस्त, महागड्या उपाहारगृहांतून. गल्लीतल्या वीस खुर्च्यांच्या दुकानात ती क्वचितच उतरली.

याचे कारण ग्राहकांच्या आवडीनिवडीपेक्षा शुल्करचनेत अधिक आहे. परमिट रूमचे वार्षिक शुल्क शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, खुर्च्यांच्या संख्येनुसार नव्हे. त्यात २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आणि २०२५ मध्ये परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले. त्या वर्षी जुलैमध्ये बारमालकांनी एक दिवसाचा बंदही पाळला. मोठे हॉटेल हा बोजा जेवणाच्या बिलात जिरवते. छोट्याकडे जिरवायला स्वयंपाकघरच नसते.

चढ्या शुल्कामुळे वस्तीला संरक्षण मिळते, असा एक युक्तिवाद केला जातो. तो फारसा टिकणारा नाही. नकोसे झालेले मद्याचे दुकान हटवण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानाची तरतूद राज्यात आहे आणि अनेक ठिकाणी महिलांनी ती यशस्वीपणे वापरली आहे. शुल्कवाढीने शेजाऱ्यांच्या हाती काही पडत नाही. तिजोरीत भर पडते आणि मोठ्या बारचा एक लहान स्पर्धक कमी होतो.